लकव्यानंतरचा हात: रोबो, आरसा आणि गडचिरोलीचं अंतर

कुणाला लकवा मारला की आपण विचारतो, 'पेशंट वाचला का?' आज त्यापुढचं बघू. माणूस वाचला, पण हात उचलत नाही. मग?

या प्रश्नावर तंत्रज्ञानानं बरंच डोकं चालवलंय. १९६१ मध्ये अमेरिकेत लिबरसन यांनी एक युक्ती मांडली. बुटात बटण, टाच उचलली की पायाच्या नसेला विजेचा हलका धक्का, आणि लोंबणारं पाऊल वर. पण ते तेवढ्यापुरतं. पुढची आशा मोठी होती: तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली, तर मेंदूचा शाबूत भाग ते काम शिकेल. त्यातून १९९०च्या दशकात एमआयटीचा रोबो आला. तो रुग्णाचा हात धरून हालचाल करवतो. आणि १९९९ मध्ये लकव्यासाठी चक्क आरसा वापरून पाहिला! दोन हातांच्या मध्ये आरसा ठेवायचा, चांगला हात हलवायचा. बघणाऱ्याला वाटतं, लुळाच हात हलतोय.

मग रोबो आणला की झालं? ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर चाचणी झाली. २०१९ चा निकाल: नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचा वापर सुधारला नाही. बरं, घरच्यांनाच व्यायाम शिकवले तर? तेही भारतात करून झालं. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. २०१७ चा निकाल: सहा महिन्यांनी फरक नाही.

आता विदर्भात येऊ. गडचिरोलीत डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि 'सर्च'च्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. १५९९ पैकी २२९ मृत्यू लकव्याचे. सगळ्यांत मोठं कारण तेच. त्यातले निम्म्याहून जास्त जण झटक्यानंतर महिनाभर तरी जगले होते. आणि बहुतेकांनी प्राण सोडला तो घरीच.

त्या घरांपर्यंत कोण पोचलं असतं? गडचिरोलीहून आपलं नागपूरचं 'मेडिकल' दीडशे किलोमीटरच्या वर. आठवड्यातून तीनदा व्यायामाला यायचं, तर सोबत कोण येणार? त्याची मजुरी कोण देणार?

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे यंत्राचं पहिलं काम हात हलवणं नाही, अंतर कमी करणं आहे. साध्या स्मार्टफोनच्या व्हिडिओ कॉलवरही फिजिओथेरपिस्टला हात कसा हलतोय ते दिसतं. घरचे लुळा खांदा ओढत असतील तर लगेच थांबवता येतं, पुढचा व्यायाम सांगता येतो. मात्र फोनच्या पलीकडे ठरल्या वेळी बसणारा माणूस हवा. तो नेमायचा, त्याला पगार द्यायचा, हे काम कुठलंच ॲप करणार नाही. ते आपल्याला सरकारकडे मागावं लागेल.