गेलेला देव परत येतो का?



दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या शेजारच्या गावातली देवीची जुनी दगडी मूर्ती एका रात्रीत चोरीला गेली. सकाळी गुरव पूजेला गेले तर कुलूप तुटलेलं आणि गाभारा रिकामा. गावकरी तक्रार द्यायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, मूर्तीचा फोटो आहे का? फोटो तर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होते. पण सगळे नवरात्रातले आणि जत्रेतले. देवीच्या अंगावर शालू, तोंडावर चांदीचा मुखवटा, गळाभर हार. मुखवट्याखाली देवी कशी दिसते, उंची किती, हात दोन की चार, हे कागदावर कुठेच नव्हतं. पिढ्यान् पिढ्या ओटी भरली, पण देवीची ओळख लिहून ठेवावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

त्या महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, वही मिटली, तरी कुणी उठेना. एक आजी म्हणाल्या, "बाई, गेलेला देव परत येतो का गं?" उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता आलं नाही. मग आम्ही वाचायला घेतलं, विचारपूस केली. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात अन्नपूर्णेपासून करू. आपल्या लग्नात नवरी गौरीहर पुजते, तेव्हा तिच्यासमोर तांदळात पितळेची छोटी अन्नपूर्णा बसवलेली असते. आई ती लेकीला देते आणि लेक ती सासरच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवते. आमच्या गटात बहुतेक जणींच्या घरी माहेरची अन्नपूर्णा आहे. तिच्या हातातली पळी आपण झोपेतसुद्धा ओळखू.

तशीच एक अन्नपूर्णा काशीत होती. दगडाची, वीतभर उंचीची, अठराव्या शतकातली. एका हातात खिरीची वाटी, दुसऱ्या हातात पळी. गंगेच्या काठी, घाटाच्या पायऱ्यांजवळच्या एका लहान देवळात तिची पूजा व्हायची. १९१३ मध्ये कॅनडातल्या रेजायना शहरातले एक वकील, नॉर्मन मॅकेंझी, काशीत आले. त्यांना जुन्या कलावस्तू जमवायचा नाद होता. देवळातली मूर्ती त्यांना आवडली. त्यांचं बोलणं कुणीतरी ऐकलं आणि मूर्ती चोरून त्यांना आणून दिली. पुढे १९३६ मध्ये मॅकेंझी वारले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे त्यांचा संग्रह रेजायनाच्या कलादालनाला मिळाला. त्यात आपली अन्नपूर्णाही गेली.

तिथे ती वर्षानुवर्षं राहिली, तीही दुसऱ्याच नावानं. दालनाच्या नोंदीत ती विष्णूची मूर्ती म्हणून होती. २०१९ मध्ये दिव्या मेहरा या भारतीय वंशाच्या कॅनडातल्या कलाकार तिथे आपल्या प्रदर्शनाची तयारी करत होत्या. संग्रह बघताना त्यांची नजर या मूर्तीवर थांबली. विष्णू म्हणतात, पण शरीर तर बाईचं आहे आणि हातात वाटी आहे. त्यांनी जुने कागद काढले, तेव्हा मूर्ती कशी आली तेही उलगडलं. अमेरिकेतल्या एका संग्रहालयाच्या जाणकारांनी ही अन्नपूर्णाच असल्याचं सांगितलं. दिव्याताईंनी मूर्ती परत द्या असं सुचवलं आणि रेजायना विद्यापीठानं ते मान्य केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, दूरदृश्य कार्यक्रमात तिला निरोप दिला गेला. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथाच्या मंदिरात तिची प्रतिष्ठापना झाली. त्या दिवशी आपल्याकडे पंढरपुरात कार्तिकीची गर्दी होती. तिकडे एकशेआठ वर्षांनी माहेरी आलेल्या देवीला काशीकर ओवाळत होते.

आमच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा एक सूनबाई लगेच म्हणाली, "म्हणजे तिला ओळखणारी बाई तिथे पोचली, म्हणून ती सुटली." खरं आहे. कोर्टकचेरी झाली नाही, भांडण झालं नाही. ओळख पटली, चोरी कागदावर सापडली आणि ठेवणाऱ्यांनी आपली चूक मानली.

सगळे इतक्या सहज मानत नाहीत. तमिळनाडूतल्या पत्तूर गावची गोष्ट ऐका. १९७६ मध्ये तिथल्या पडक्या शिवमंदिराजवळ खणताना एका मजुराला जमिनीत पुरलेल्या धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यात बाराव्या शतकातला एक नटराज होता. तो हातोहात विकला गेला आणि थेट लंडनला पोचला. १९८२ मध्ये कॅनडाच्या एका कंपनीनं तो विकत घेतला. लंडनच्या पोलिसांनी तो जप्त केला आणि खटला उभा राहिला. कंपनीचं म्हणणं, आम्ही पैसे मोजलेत. मग नटराज आमचा म्हणणारे कोण होते? भारत सरकार होतं, तमिळनाडू सरकार होतं, पत्तूरचं मंदिर होतं आणि त्या मंदिराचा शिवही होता.

हो, देव स्वतः फिर्यादी. आपल्या कायद्यात देवाला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येते आणि दावाही लावता येतो. मात्र लहान लेकराचं जसं पालक बघतात, तसं देवाचं कामकाज कुणीतरी माणूस बघतो. पडक्या देवळात पूजा बंद असली तरी देवाचा हक्क बुडत नाही. लंडनच्या न्यायाधीशांनी हा हक्क ऐकून घेतला. जाणकारांनी नटराजाची तुलना त्याच गावात सापडलेल्या दुसऱ्या मूर्तींशी केली आणि मूर्तीला चिकटलेली मातीसुद्धा तपासली. १९८८ मध्ये निकाल मंदिराच्या बाजूनं लागला. कंपनीनं अपील केलं, तेही १९९१ मध्ये फेटाळलं गेलं आणि नटराज भारतात आला.

इथपर्यंत ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. आपलं आपल्याला मिळालं की कुणाला बरं वाटत नाही? पण पुढे वाचताना एक गोष्ट समोर आली, तेव्हा बैठक जरा गप्प झाली.

भीमाशंकरला तुमच्यापैकी कितीतरी जणी गेल्या असाल. देवळासमोरची मोठी घंटा आठवते? ती आपल्याकडे ओतलेली नाही. तिच्यावर १७२९ हे इसवी साल कोरलेलं आहे. ती चर्चची घंटा आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला. तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात अशीच घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे.

आमच्यात यावर बरीच बोलाबोली झाली. एक काकू म्हणाल्या, "ती लढून आणलीय, चोरून नाही. आणि त्या पोर्तुगिजांनी काय कमी केलं होतं?" हेही खोटं नाही. त्यांनी गोव्यात देवळं पाडली. कुशस्थळीचा मंगेश भाविकांनी १५६० मध्ये जीव मुठीत धरून नदीपलीकडे प्रियोळला नेला, तो आजही तिथेच आहे. तिथेच तो रमला, तिथेच त्याची जत्रा भरते.

पण दुसरी एक ताई म्हणाली, "पोर्तुगीज गेले कधीच. वसईतले ख्रिस्ती लोक तर आपलेच आहेत, मराठी बोलणारे. त्या घंटेवर प्रार्थनेला जाणारे त्यांचे आजे-पणजे होते. आपल्या देवीचा मुखवटा कुणी जिंकून नेला असता, तर आपण लढाईचा हिशोब मांडत बसलो असतो का?"

आम्ही यावर मत घेतलं नाही आणि आमच्या मतानं काही ठरणारही नाही. पावणेतीनशेहून जास्त वर्षं त्या घंटांचा नाद महादेवाच्या आरतीत मिसळला आहे, त्यामुळे तिथल्या भाविकांचाही त्यांच्याशी जीव जडला आहे. पण एवढं आम्हाला पटलं, की काशीची अन्नपूर्णा मागताना आपण ज्या तोंडानं मागितलं, त्याच कानानं दुसऱ्याचं मागणं ऐकायची तयारी हवी. निदान घंटा कुठली, कुणाची, कशी आली हे आपल्या लेकरांना खरं सांगावं. वसईचं कुणी ती बघायला आलं, तर पाहुण्यासारखं बसवावं, पाणी द्यावं.

मग प्रार्थनेच्या जुन्या इमारतींचं काय, असंही एकीनं विचारलं. मूर्ती पेटीत घालून घरी पाठवता येते. इमारत जागची हलत नाही आणि तिच्यात पिढ्यान् पिढ्या वेगवेगळ्या माणसांनी हात जोडलेले असतात. म्हणून १९९१ मध्ये आपल्या देशात एक कायदा झाला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे प्रार्थनास्थळ ज्या धर्माचं होतं, ते तसंच राहावं असं तो सांगतो. अयोध्येचा वाद त्यातून वगळला होता. असे प्रश्न गावच्या पारावर हातघाईनं सुटत नसतात. आणि पार पेटला की पहिली चूल आपलीच विझते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपल्या हातात काय आहे, तेवढं मात्र आम्ही केलं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरातन वस्तू ठरते. परवानगीशिवाय ती परदेशी नेणं गुन्हा आहे. पण ती आपली होती हे दाखवायला पुरावा लागतो. म्हणून आमच्या गटानं सरपंच आणि देवस्थानच्या मंडळींशी बोलून गावातल्या देवांची एक वही केली.

अभिषेकाच्या वेळी, वस्त्रं आणि मुखवटा उतरलेला असताना, गुरवांनीच फोटो काढले. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. शेजारी मोजपट्टी धरली. दगड की पितळ, उंची किती, हातात काय काय, कुठे टवका उडालाय, कुठे काही कोरलंय, सगळं लिहिलं. देवीच्या डाव्या पायाशी एक बारीक चीर आहे, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. सांगितलं ते गुरवांच्या आईनं. मूर्तीची वस्त्रं धुण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही आजवर." चांदीचे मुखवटे, समया, जुनी घंटा, पालखी, यांचीही नोंद केली. एक वही देवळात ठेवली, एक ग्रामपंचायतीत, आणि तिसरी आमच्या गटाच्या पेटीत, कर्जाच्या वहीशेजारी. पीर बाबांच्या दर्ग्यातली जुनी चादर आणि दिवे यांची पानंही त्याच वहीत आहेत. तिथल्या भाभींनी स्वतः सांगून लिहून घेतली.

शेजारच्या गावची देवी अजून सापडलेली नाही. तिथे नवी मूर्ती बसवली आहे. त्या गावच्या बाया आजही पहिली ओटी नव्या देवीला भरतात आणि दुसरी ओटी जुनीच्या नावानं ठेवतात. आता त्यांनीही जुन्याजाणत्या बायकांना बसवून मूर्तीचं वर्णन लिहून घेतलंय. कुणाला मुकुट आठवला, कुणाला कमरेवरचा पट्टा, कुणाला हातातलं कमळ. ते कागद पोलीस ठाण्यात दिले आहेत.

आजींना आम्ही आता उत्तर देऊ शकतो. परत येतो, आजी. पण त्याला ओळखणारं माणूस लागतं आणि लिहून ठेवलेलं पान लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते झाले की एक पान काढा. आपल्या देवळातल्या, विहारातल्या, दर्ग्यातल्या, चर्चमधल्या जुन्या वस्तू आठवा. सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मध्ये बसवा आणि तिला विचारा.