हा घास कुठून आला?

वसईकडच्या, नगरकडच्या ख्रिस्ती घरांत दरवर्षी उपवासकाळ पाळतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून तो सुरू होतो आणि रविवार सोडून चाळीस दिवस, ईस्टरपर्यंत चालतो. आता नियम बरेच सैल झालेत. आठशे वर्षांपूर्वी युरोपात मात्र या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद असे आणि जेवण एकदाच.

उपवासाचं नाव काढलं की आम्हाला जरा धास्तीच वाटते. बाई आधीच सगळ्यांच्या मागून जेवते, तिनं आणखी काय सोडायचं? म्हणून आज आम्ही भरल्या ताटासमोर बसणाऱ्या एका बाईची हकिगत सांगतोय.

एलिझाबेथ ही हंगेरीच्या राजाची मुलगी, जन्म १२०७ चा. चार वर्षांची असताना तिला जर्मनीतल्या थुरिंगियाला, होणाऱ्या सासरी आणून ठेवलं. चौदाव्या वर्षी लग्न झालं. नवरा लुडविग तिथला राज्यकर्ता, आणि दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम. राहायला वार्टबुर्गचा डोंगरी किल्ला.

तिचे धर्मगुरू कॉनराड यांनी तिला सांगितलं, रयतेकडून अन्यायानं ओरबाडलेलं अन्न खायचं नाही. झालं! पंगतीत बसली की ती वाढणाऱ्यांना विचारायची, हे धान्य कुठलं? ही दारू कुठल्या मळ्यातली? उत्तर पटलं नाही, तर भाकरी मोडून इकडची तिकडे करत राहायची, म्हणजे पाहुण्यांना वाटावं की जेवतेय. कधी फक्त पिण्याचंच चालायचं, कधी फक्त खाण्याचं. दोन्ही चोख निघालं की ती आनंदानं टाळ्या वाजवायची. तिच्याबरोबर तिच्या दासीही उपाशी राहत. नवऱ्यानं अडवलं नाही. लोक काय म्हणतील ही भीती नसती तर मीही असंच केलं असतं, असं तो म्हणाला. लोकांची भीती राजालाही असते तर!

१२२६ मध्ये दुष्काळ पडला. नवरा बादशहाच्या कामाला इटलीत गेलेला. एलिझाबेथनं सरकारी कोठारं उघडली आणि रोज धान्य वाटलं. सुगी आली तेव्हा, ज्यांच्या अंगात काम करायचं बळ होतं त्यांना तिनं विळे दिले, अंगात सदरे आणि पायात जोडे दिले. विळा हातात आला की माणूस पुन्हा आपलं कमावून खातो, हे या तरुण बाईला कळलं होतं.

पुढच्या वर्षी लुडविग धर्मयुद्धाला निघाला आणि वाटेतच तापानं गेला. पदरात तीन लेकरं. दिरानं तिला हाकललं की तीच बाहेर पडली, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पहिली रात्र मात्र डुकरं ठेवायच्या खोपटात गेली.

१२२८ च्या गुड फ्रायडेला, म्हणजे उपवासकाळाच्या अगदी शेवटी, तिनं वेदीवर हात ठेवून आईबाप, लेकरं, मानमरातब सगळ्याचा त्याग केला. मालमत्ताही सोडणार होती, पण कॉनराडनी तिचे हात वेदीवरून ओढले. नवऱ्याकडून मिळणारा वाटा गरिबांच्या उपयोगी पडायचा होता. आम्हाला हे त्यांचं शहाणपण वाटतं. त्या पैशातून मारबुर्गला दवाखाना उभा राहिला, आणि ती स्वतः तिथं रोग्यांना न्हाऊ-माखू घालायची. पोटासाठी लोकर कातायची.

पण याच कॉनराडनी तिच्या जिवाभावाच्या दोन्ही मैत्रिणींना तिच्यापासून तोडलं, आज्ञा मोडली म्हणून तिला मारझोड केली. तिनं ते भक्ती म्हणून सोसलं. आम्हाला ते पटत नाही. स्वतःहून सोडलेला घास वेगळा आणि धाकानं सोसलेला मार वेगळा.

१२३१ च्या नोव्हेंबरात ती गेली, वय फक्त चोवीस. चार वर्षांत तिला संत म्हणून जाहीर केलं. त्याआधीच्या चौकशीत चार दासींच्या साक्षी लिहून घेतल्या होत्या. मोडून ठेवलेल्या भाकरीचं, विळ्यांचं आणि त्या माराचंही आज आपल्याला कळतं ते मुख्यतः या चौघींमुळे.