वाऱ्याच्या उलट जाणारं पाणी

वाणगाव स्टेशनवरून चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलात तर पाणी आत-बाहेर होताना दिसतं. ती भरती-ओहोटी, आणि तिचं वेळापत्रक कॅलेंडरवरही असतं. आज बोलायचंय ते खोल समुद्रात किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या प्रवाहाबद्दल. इंजिन बंद पडलेली बोट कुठे शोधायची, हे वारा आणि प्रवाहांवरच ठरतं.

पूर्वीचा हिशोब सोपा होता. जहाज जिथे पोचायला हवं होतं आणि प्रत्यक्षात पोचलं, त्यातला फरक म्हणजे प्रवाह. 1840 च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या मॅथ्यू मॉरीने जुन्या लॉगबुकांतून असे फरक काढून नकाशे केले. चक्क क्राउडसोर्सिंग!

हिंदी महासागराचा नंबर उशिरा लागला. 1960 ते 65 च्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत आपल्या नौदलाचं 'किस्तना' जहाज होतं. त्याच मोहिमेतून 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, आज ती गोव्यात दोना पावलाला आहे.

तिथल्या सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात जहाजावरून वेगवेगळ्या खोलीचं तापमान आणि खारटपणा मोजला. त्यावरून पाण्याची घनता, आणि घनतेतल्या फरकावरून प्रवाह. पावसाळ्यात पाणी दक्षिणेकडे जातं, हे ठीक. पण हिवाळ्यात ते उत्तरेकडे जातं, वारा उत्तरेकडून येत असतानाही! कारण इथलं नाहीच. बंगालच्या उपसागरात वाऱ्याने उठलेल्या लाटा किनारा धरून, वळसा घालून आपल्याकडे येतात. मला तर हे अजूनही भन्नाट वाटतं.

मग उपग्रह आले. समुद्राच्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजून ते प्रवाह ओळखतात. 2013 चा 'सरल' हा भारत-फ्रान्सचा उपग्रह त्यासाठीच. शिवाय अर्गो फ्लोट: 1000 मीटरवर वाहत राहायचं, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत बुडी मारून वर यायचं आणि डेटा पाठवायचा. भारताचे फ्लोट हैदराबादची 'इन्कॉइस' सांभाळते.

आता गंमत बघा. आपल्यासमोरचा समुद्र सुमारे 300 किलोमीटरपर्यंत 200 मीटरही खोल नाही. म्हणजे अर्गोला इथे बुडी मारायला जागाच नाही. किनाऱ्याजवळ जमिनीमुळे उपग्रहाचा सिग्नलही गढूळ होतो. म्हणून गोव्याची संस्था पाण्याखाली नांगरून ठेवलेल्या यंत्रांतून आवाज सोडते आणि प्रतिध्वनीवरून वेग काढते.

2016 मध्ये इन्कॉइसने 'सारत' सुरू केलं. बोट शेवटची कुठे, किती वाजता दिसली ते भरलं की ती कुठे वाहत गेली असेल, तो पट्टा नकाशावर येतो. तेव्हा घरात कोणी तांडेल असेल, तर त्याचं लोकेशन निघताना आणि रेंज जाण्याआधी, दोन्ही वेळा मागून घ्या.