पाव, अंडे आणि विटाळ

शिळ्या पावाचे काप अंडे, दूध आणि साखर यांच्या मिश्रणात बुडवून तव्यावर तुपात भाजले की फ्रेंच टोस्ट होतो. पाव आदल्या दिवशीचाच हवा. ताजा काप दूध पिऊन उलथताना मोडतो. फ्रेंचांनी दिलेल्या नावाचा अर्थही 'वाया गेलेला पाव' असाच आहे. मात्र पदार्थावर फ्रान्सचा फारसा हक्क नाही. अपिशियसच्या नावावरील प्राचीन रोमन पाककृतिसंग्रहात दुधात भिजवून तळलेल्या, वर मध घातलेल्या पावाची कृती आढळते.

आम्हांला कुतूहल आहे ते वेगळेच. खंडाळ्याच्या (लोणावळ्याजवळच्या नव्हे, खंबाटकीच्या पायथ्याच्या) स्वयंपाकघरात हा पदार्थ शिरला तो कोणते उंबरठे ओलांडून?

पाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. 'पायाने तुडवतात म्हणून पाव' ही व्युत्पत्ती आपल्याकडे इतक्या आवडीने सांगितली गेली, की तीत भाषाशास्त्राहून किळसच अधिक दिसते. गोव्यात पीठ आंबवायला माडाची सूर वापरीत आणि भाजणारा पदेर ख्रिस्ती. विटाळाला एवढे पुरे होते. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा लागे, पण गुप्तपणे. पुढे सभासदांची नावे फुटली आणि मंडळी विस्कटली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाबिस्किटांपायी टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले, हे तर सर्वश्रुतच आहे.

याच खंडाळा तालुक्यातील नायगावी १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. १८६८ मध्ये फुले दांपत्याने पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. परमहंसांचा पाव बंद दाराआड खाल्ला गेला. हा हौद मात्र साऱ्या पेठेच्या डोळ्यांदेखत होता. दोन्ही घटना सुधारणेच्या एकाच प्रकरणात बसवण्याची आपली सवय आम्हांला म्हणूनच खटकते.

आज पाव बिनबोभाट घरात येतो. अंड्याचे तसे नाही. कित्येक घरांत त्याचा तवा वेगळा असतो, कुठे अंड्याऐवजी कस्टर्डची पूड दुधात कालवतात. ज्याचे त्याचे घर, ज्याची त्याची चूल. पण शालेय पोषण आहारात राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडे देऊ केले आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला, तेव्हा प्रश्न कुणा एका घराच्या तव्याचा उरला नव्हता. तो निर्णय नायगावच्या मुलांनाही लागू झाला.