गिरणी जमिनींचा वाद, मुंबई

मुंबईतील बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचा विनियोग कसा व्हावा, याविषयीचा वाद. शहरातील ५८ गिरण्यांपैकी बहुतेक लालबाग, परळ, वरळी, भायखळा या गिरणगावाच्या पट्ट्यात होत्या. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर बहुतेक गिरण्या सावरल्या नाहीत. त्यांच्या अखेरीच्या कारणांविषयी मतभेद आहेत.

नियम ५८ : १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील या नियमाने गिरणीची जागा घरे व कचेऱ्यांसाठी खुली झाली. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन उद्याने-मैदानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडा या राज्य गृहनिर्माण प्राधिकरणाला व उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. उभ्या इमारतींचा नुसता वापर बदलल्यास मात्र वाटा द्यावा लागत नसे. ही पळवाट अनेकांनी धरली आणि जुन्या शेडमध्येच दुकाने, कचेऱ्या थाटल्या. सर्व जमिनींचा एकत्रित आराखडा करावा, ही चार्ल्स कोरिया अभ्यासगटाची १९९६ ची शिफारस अमलात आली नाही.

२००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. वाद या एका शब्दाचा आहे. गिरणीच्या आवारात विणकाम खाते, सूतखाते, गोदामे यांनीच बरीचशी जागा व्यापलेली असे. मोकळा राहत असे तो थोडाफार भाग. शेड पाडल्यावर रिकामी होणारी जमीन ‘मोकळी’ धरायची नाही, असे ठरल्यास शहराचा वाटा तुकड्यांवर येतो. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये शहराच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. दरम्यान, २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती.

चटईक्षेत्र निर्देशांक : भूखंडाच्या क्षेत्रफळाशी बांधकामाचे गुणोत्तर. १९९१ च्या नियमावलीत तो मुंबई शहरासाठी १.३३ होता. इतक्या कमी मर्यादेमुळे घरे दुर्मीळ व महाग होतात, असे आलँ बर्तो आदी नगर-अर्थतज्ज्ञांचे मत आहे. रस्ते, पाणी व रेल्वेपूल जुनेच ठेवून मजले वाढवू नयेत, असा प्रतिपक्ष आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी गिरणगावातल्याच एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले.

कामगारांची घरे : म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये, ६,९२५ घरांसाठी निघाली.