व्यालेल्या गाईचें तेल

माझ्या लहानपणीं आमची गाय व्याली, कीं वडील तिच्यापुढें भिजविलेली सरकी ठेवीत. एका वर्षीं ती फारच वाळली, म्हणून त्यांनीं आंबोणांत करडईचें तेल सढळ हातानें ओतलें. दोनचार दिवसांत गाईनें वैरण टाकली, रवंथ मंदावला आणि दूध उलट घटलें. वडिलांना दोष कोण देणार? बाळंतिणीला तूप द्यावें, तर गाईला तेल कां नको?

विचार मुळांत चुकीचा नव्हता. व्याल्यानंतर दूध लवकर चढतें, भूक मात्र मागाहून वाढते. चौथ्या ते आठव्या आठवड्यांत दुधाचा भर येतो. खाण्याचा भर त्यानंतर कित्येक आठवड्यांनीं. मधल्या काळांत गाय अंगची चरबी जाळून दूध देते. पिष्टाच्या सुमारें सव्वादोन पट ऊर्जा स्निग्ध पदार्थांत असते. अडचण आहे ती गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटांत. तेथें असंख्य सूक्ष्म जंतु वैरण पचवितात. मोकळें तेल फार झालें, कीं तें धाग्यांवर पसरतें, जंतूंनाहि बाधतें, आणि चारा तसाच पडून राहतो.

याचा उलगडा हळूहळू झाला. १९५१ सालीं अमेरिकेंत रायझर यांनीं दाखविलें, कीं या पोटांतील जंतु जवसाच्या तेलाचें स्वरूपच पालटतात. १९७० च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेलाच्या थेंबांभोंवतीं केसीनाचें वेष्टण घालून तें फॉर्मालिननें टणक केलें. त्यांना खरें तर दुधांतील स्निग्धांश बदलावयाचा होता. परंतु पहिल्या पोटाला चुकवून तेल पुढें धाडतां येतें, हें त्यांतून सिद्ध झालें.

मला सर्वांत नवल वाटतें तें ओहायो येथील जेन्किन्स व पामक्विस्ट यांच्या युक्तीचें. त्यांचा निबंध १९८४ सालचा. त्यांनीं स्निग्धाम्लांचा चुन्याशीं, म्हणजे कॅल्शियमशीं, संयोग केलेला साबण गाईला खाऊं घातला. साबण हा शब्द ऐकून गृहिणींनीं दचकूं नये! पहिल्या पोटांतील सौम्य आम्लांत हा साबण फारसा विरघळत नाहीं, म्हणून वैरणीचें पचन अडत नाहीं. पुढें चौथ्या पोटांत तीव्र आम्ल भेटलें, कीं तो फुटतो आणि स्निग्धाम्लें आंतड्यांत शोषलीं जातात. पुढें ताडाच्या जातीच्या पाम वृक्षाच्या तेलापासून असा साबण कारखान्यांत होऊं लागला.

तरीहि व्याल्याबरोबर लगेच तो घालावा, असें सर्वच जाणकार म्हणत नाहींत. अधिक स्निग्धानें भूक मंदावते, आणि त्या दिवसांत भूक आधींच थोडी. कित्येक जण कांहीं आठवडे थांबतात.

आणि वडिलांची ती सरकी? तिच्यांत सुमारें पांचवा हिस्सा तेल. पण तें दाण्यांत कोंडलेलें, रवंथाबरोबर सावकाश सुटणारें. तेलाची बरणी उघडण्यापूर्वींच गाईला हवें तें त्यांच्या टोपलींत होतें.