पंख उघडून बघा

अंबाडी नाक्यावर कोंबडा विकत घेणारा आधी वजन बघतो, मग तुरा आणि पाय. पंख कोणी उघडत नाही. मी उघडतो, म्हणून विकणारे मला जरा वेडाच समजतात.

ही खोड मूळची विलायती. इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. रक्ताऐवजी रूपावर पैजा लागू लागल्या म्हणा ना! मग रूपाचे नियम हवेच; 1865 मध्ये तिथल्या पोल्ट्री क्लबने ते छापले, 1874 मध्ये अमेरिकेनेही. पुढे आपला झुंजीचा असील कोंबडाही त्या नियमांच्या पुस्तकांत जाऊन बसला.

त्या नियमांत पंखाचीही तपासणी आली. पंख अलगद पसरा. बाहेरच्या टोकाला साधारण दहा लांब पिसं, अंगाच्या बाजूला दुसरी ओळ आणि दोन्हींच्या सांध्यात एक आखूड पीस. ते नसेल आणि तिथे फट दिसली, तर पंख दुभंगलेला. प्रदर्शनातून पक्षी बादच. दुसरा दोष पंख न उघडताही दिसतो: मिटल्यावर बाहेरची पिसं आतल्या ओळीखाली न सरकता वर किंवा खाली लोंबत राहतात. हे पुष्कळदा पिढीजात असतं, म्हणून असा नर पैदाशीला ठेवू नये.

मात्र पिसं गळायच्या दिवसांत निकाल देऊ नका, तेव्हा चांगल्या पक्ष्यालाही फट दिसते. आणि गावठी कोंबडीला यातलं काही लावू नका. ती झाडावर चढून झोपली, म्हणजे तिचा पंख पास.